निळ्या ठिपक्याची पुडी

डॉक्टर विरूत,
लाल ठिपक्याच्या पुड्या माझ्या ओंजळीत ठेवताना
तुम्ही म्हणालात, आत काय आहे ते मलाही ठाऊक नाही, आजी.
मी मान डोलावली.
घरी आले, चिमूटभर जिभेवर ठेवली
आणि एकटीच हसत बसले.
अहो, रातकिडा!
वाळवून, दळून, वास मारून
पिठाच्या वेषात पाठवलेला.

भाताच्या खुंटांमधून अनवाणी हिंडत,
बिळात पाणी ओतून
ज्याला सातव्या वर्षी मी मिशांसकट धरला,
तो मला ओळखू येणार नाही?
कोष उकळताना आई
धागा संपला की आतली अळी आमच्या तोंडात टाकायची.
आंब्यावरून तांबड्या मुंग्यांची अंडी पाडताना
भावाच्या पापण्या सुजून टम्म व्हायच्या,
आणि रात्री वाटी पुढे करायला तोच पहिला.
तुम्ही फळ्यावर लिहिलंत: प्रथिनं.
छान शब्द आहे. दातांत अडकत नाही.

मग देवळाच्या मंडपात खुर्च्या मांडल्या.
हात छातीशी, पाय जमिनीला,
उठा, बसा, उठा.
अर्ध्या मिनिटात मी सात वेळा उठले,
बुआलाय चार.
रबराचे पट्टे ताणताना तिचा सुटला
आणि थेट भंतेजींच्या चहात पडला.
त्या दिवशी आम्ही इतक्या हसलो
की तुम्ही हसण्याचा व्यायाम वेगळा मोजायला हवा होता.

तिच्या पुडीवर निळा ठिपका.
मी चाखून पाहिली. तांदूळ. नुसता तांदूळ.
तीन वर्षांपूर्वी ती न्हाणीत पडली,
तेव्हापासून देवळात मागे
प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते.
सगळा गाव जमिनीवर डोकं टेकतो,
तिची नजर भिंतीवर.
आणि तिच्या वाट्याला तांदूळ?
आम्हा दोघींना लहानपणी एकच चिमणी मिळायची.
रातकिडे पकडायचे, आणि निम्मे निम्मे.

तेव्हा सांगून टाकते.
रोज संध्याकाळी, तुमची गाडी खोन खाएनच्या रस्त्याला लागली की
मी तिच्या ओट्यावर जायची.
माझा प्रासित मागच्या अंगणात
सिमेंटच्या हौदांत, अंड्यांच्या पुठ्ठ्यांवर रातकिडे पाळतो.
त्यातले मूठभर, लिंबाच्या पानांत परतलेले.
ती खायची, मी गप्पा मारायची.
मग स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या बाहेर काढून
उठा, बसा, उठा,
कोंबड्या मोजायला.

परवा तुम्ही कागद पुढ्यात घेऊन
कपाळ चोळत बसला होतात.
लाल आणि निळे जवळजवळ सारखेच, म्हणालात,
कुठे चुकलं कळत नाही.
सव्वीस जणांचं मला माहीत नाही, बाळा.
दोघींचं माहीत आहे.
माझं नाव खोडा. तिचंही खोडा.
कशानं काय झालं, यावर आमचंही जमत नाही:
मी म्हणते खुर्चीनं,
बुआलाय म्हणते रातकिड्यानं,
प्रासित म्हणतो, तुम्हा दोघींना भांडायला रोज नवं कारण मिळालं,
त्यानं.

पौर्णिमेला ती पुढे आली.
एक गुडघा, मग दुसरा,
मग कपाळ चटईला.
मंडपातलं कुणी काही बोललं नाही.
उठताना तिनं माझ्या खांद्याकडे हात नेला
आणि वाटेतच मागे घेतला.

सोबत एक पंचा पाठवते आहे.
तिच्या उरलेल्या पुड्या टाकवेनात,
म्हणून त्या पिठाची खळ केली,
सूत त्यात भिजवून मागावर चढवलं.
काठाशी निळी रेघ आहे, दिसेल.
पहिल्या धुण्यापर्यंत जरा टोचेल.
शनिवारी या. प्रासित तळणार आहे.
आणि तुम्ही दिवसभर वाकून लिहिता,
आमच्या ओट्यावर तिसरी खुर्चीही आहे.